गाठींचा ठराव

धारूरच्या घाटाखालून,
ता. २२ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या शहादेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा खोकला बसला का? घाटनांदूरला आडात पाणी आहे का? इकडे सगळं खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं). टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि हिचे दिवस भरत आलेत, त्यामुळे तिला एसटीत बसवत नाही.

पत्राचं कारण तुमची भाची साखरा. पोरीचा घसा दर महिन्याला धरतो, ताप येतो, घास गिळताना रडते. झोपली की तोंड उघडं ठेवून अशी घोरते की दाजीही लाजतील (राग मानू नका).

परवा आमच्या सोसायटीची सभा होती. विषय एकच, जनावरांचा चारा. मी सचिव म्हणून इतिवृत्त लिहीत होतो आणि पोर मागं पोत्यावर झोपली होती. चेअरमन त्रिंबकराव एकदम म्हणाले, "कोण घोरतंय बे? सभेत झोपायचा हक्क फक्त सभासदाला हाय!" चारा राहिला बाजूला. बॅटरी आली आणि एकेका संचालकानं पोरीचा घसा तपासला. (एरवी आमच्या सभेला कोरम भरत नाही, त्या दिवशी गैरहजर असलेले दोघंही निरोप ऐकून धावत आले.) कुणी हळद सांगितली, कुणी चुना. शेवटी सर्वानुमते ठरलं की घशातल्या गाठी दगडाबाईनं दाबाव्यात. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. मीही ते मान खाली घालून लिहून घेतलं, आक्का. पोरीचा बाप म्हणून मला कुणी विचारलं नाही.

दगडाबाई म्हणजे टाळूवरचे केस ओढून पडजीभ उचलणारी बाई, पंचक्रोशीत नाव आहे तिचं. तिनं मीठ लावलेला अंगठा घशात घातला आणि साखरानं दात मिटले. सुटता सुटेना. दगडाबाई बोंबलली, "आरं सोडवा! आता चाऱ्याच्या यादीवर काय उठवू, नाक?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेशंट घेऊन अंबाजोगाईला गेलतो. डॉक्टरांनी आधी अंगठा बांधला, मग घसा बघितला. टॉन्सिल लई सुजलेत आणि नाकाच्या मागंही मांस वाढलंय (त्याला अॅडेनॉइड म्हणतात, मी वहीत लिहून घेतलं). दोन्ही एकदमच काढायचं, म्हणजे पोर नाकानं श्वास घेईल, नीट झोपेल, अंग धरेल. सोमवारी, दोन मार्चला ऑपरेशन. नंतर थंडगार आइस्क्रीम द्यायचं म्हणाले. ते ऐकल्यापासून गावातल्या निम्म्या पोरांचे घसे बसलेत.

मी खंबीर आहे. सोसायटीचा सचिव डगमगत नसतो. तुम्ही उन्हातान्हाची दगदग करू नका.

तुमचा,
शहादेव

ता. क. : सोमवारी जमलंच तर सकाळी दवाखान्यात या. भूल देणार आहेत. पोर परत डोळे उघडेल ना, हे मनातून जात नाही. संमतीच्या कागदावर सही करायची होती. आयुष्यभर सह्याच केल्या, पण तिथं हात उचलेना. कागद तसाच खिशात आहे. तुम्ही शेजारी बसलात तर करीन.

आनखी ता. क. : आत्या, मी साखरा. बापूनं पत्र पेटीत टाकाया दिलं, मी वाचलं. मला भेव न्हाई. मला धरायला शिस्टर हाय. बापूला धरायला कुनीच न्हाई. तुमी या.