सशाची साक्ष

३ नोव्हेंबर
संस्कृतीचा ऱ्हास कुठून सुरू होतो ते आज कळलं. तीनच्या कॉफीला दालचिनीचे बन होते. कुणीतरी एक बन अर्धा कापून उरलेला अर्धा ताटात ठेवून गेलं. स्वीडनमध्ये, तेही उप्सालात! निषेध. तो अर्धा मीच खाल्ला, पण निव्वळ तत्त्व म्हणून.

बाकी क्षेम. जुन्या सशाच्या रक्तातल्या अँटिबॉडीची शेवटची कुपी उघडली. कर्करोगाच्या गाठीतलं, मी अभ्यासत असलेलं प्रथिन हा ससा वर्षानुवर्षं ओळखत आला. स्वतः केव्हाच कैलासवासी, कीर्तिरूपाने फ्रीजमध्ये. नव्या सशाची कुपी येतेच आहे.

७ नोव्हेंबर
आली. तोच नमुना, तीच पद्धत. प्रथिन सापडलं की पडद्यावर ठरल्या जागी काळी पट्टी उठायला हवी; पडदा कोरा. नवा ससा मंदबुद्धी.

हेडविग (पूर्वी माझी विद्यार्थिनी, हल्ली सहकारी) म्हणाली, "टोरकेल, दोघांतला एक ससा खोटं बोलतोय." अर्थात नवा, मी म्हणालो. "कशावरून? जुना काय तुझा मामा होता?"

तिचा उपाय : ज्या पेशींतून हे प्रथिन काढूनच टाकलंय, त्यांवर जुनी अँटिबॉडी लावायची. प्रथिन नाही, तर पट्टीही नको. "हे तू आधीच करायला हवं होतंस रे." सोमवारी नक्की.

१० नोव्हेंबर
सोमवार. केलं नाही. कॉफी संपेस्तोवर बाहेर काळोख. असल्या हवेत सूक्ष्म काम होत नाही. शिवाय शेवटची कुपी बालिश शंकेवर उधळायची?

१४ नोव्हेंबर
इस्पितळातून सिक्स्टेनचा फोन. कर्करोगाचा डॉक्टर, स्वभावाने उत्साही. ज्यांची गाठ माझ्या जुन्या अँटिबॉडीने रंगते, त्यांना केमोऐवजी त्या प्रथिनावरची नवी गोळी. पहिल्या रुग्ण बेरिट, शाळेत गाणं शिकवतात. सोमवारपासून केमो बंद. "अरे, केस राहणार म्हणून रडली बिचारी! तुझ्या सशाची कृपा."

अभिनंदन केलं. नव्या सशाचा विषय निघाला नाही. मी काढलाही नाही. अर्धवट माहिती पसरवणं अशास्त्रीय.

१८ नोव्हेंबर
हेडविगने विचारलं, सिक्स्टेनला सांगितलंस का? योग्य वेळी सांगेन, म्हणालो. "योग्य वेळ कालची होती." आणि भरलेला कप तसाच ठेवून उठली. आमच्याकडे कॉफी टाकून उठणं म्हणजे दार आपटणं. सगळ्यांनी पाहिलं. बाईंना संयम नाही.

२६ नोव्हेंबर
केलं. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

प्रथिन नसलेल्या पेशी. पट्टी उठली. ठळक, नेहमीच्याच जागी.

कुपी बदलली असेल म्हणून पुन्हा पाहिलं. बदलली नव्हती.

म्हणजे ससा इतकी वर्षं भलतंच काहीतरी ओळखत होता. विभागाची बैठक बोलावून सर्वानुमते ठरवू, असं सुचवलं. हेडविग म्हणाली, "टोरकेल. फोन उचल."

२७ नोव्हेंबर
फोन केला. सिक्स्टेनने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "तुला शंका कधी आली?"

काल, असं मी सांगितलं.

बेरिटबाईंची केमो उद्यापासून पुन्हा सुरू. मधल्या दिवसांत गाठ किती वाढली, ते तपासल्यावर कळेल. मला त्या दिवसांची भीती वाटते.