उंच्या एकीकडे, रुंद्या दुसरीकडे

ती. मामांना,

मान जमेल तेवढी खाली घालून नमस्कार. (फार खाली जात नाही. शिडीवर उभं राहून वर बघत भिंतीला भोकं पाडून ती आखडली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला, की अजून तुमच्या घोरण्याला साथ देतोय?

पत्राला उशीर झाला हे कबूल. पण तो आळसाने नाही, व्यवस्थितपणाने झाला. इथे आल्याआल्याच मी 'मामांना पत्र' हे काम फोनमध्ये टिपून ठेवलं होतं. तेव्हापासून फोन रोज सकाळी आठवण करतो, मी बोटाने 'उद्या' म्हणतो आणि आम्ही दोघं आपापल्या उद्योगाला लागतो. परवा मात्र त्याने विचारलं, की हे काम तुमच्यासाठी अजून महत्त्वाचं आहे का? यंत्राने असं विचारावं म्हणजे लाजच की. म्हणून आता दुकानातल्या खाकी कागदावर, पेन्सिलीने लिहितोय.

तुम्ही शब्द टाकून मला ज्या पडद्यांच्या दुकानात चिकटवलंत, तिथे मी अजून आहे. (हे वाक्य मामीला वाचून दाखवा. पुढचं नाही दाखवलंत तरी चालेल.) काम तसं सरळ आहे. घरोघर जाऊन मी खिडक्या मोजायच्या, शिवणाऱ्या काकूंनी त्या मापाने पडदे शिवायचे, मग मी शिडी खांद्यावर टाकून ते टांगून यायचं. तुमचे मित्र, म्हणजे आमचे मास्तर, आजवर मापं तळहातावर लिहीत आले. माप घेतल्यापासून काकूंना सांगेपर्यंत ते हात धूत नाहीत, कुणाशी हात मिळवत नाहीत, अन् सगळं सुरळीत चालतं. मला ते बघून वाटलं, इथे सुधारणेला वाव आहे. मामा, माणसाला असं काही वाटलं की त्याला जरा वेळ झोपवून ठेवायला हवं.

मी ॲप शोधायला लागलो. आता माझं शिक्षण किती, ते तुम्हाला माहीत आहे. पण या कामाला शिक्षण लागत नाही, फक्त दमसास लागतो. पहिल्या ॲपने खिडकी टिपू देण्याआधी मला आयुष्याचं ध्येय विचारलं. मी दुसऱ्याच्या बेडरूममध्ये स्टुलावर उभा, तोंडात टेप, आणि मला ध्येय निवडायचंय. ('शांतता' निवडलं. त्याचे वेगळे पैसे होते.) दुसऱ्यात कामांच्या चिठ्ठ्या बोटाने ढकलत 'करायचं' मधून 'झालं' मध्ये न्यायच्या. ढकलायला इतकं बरं वाटायचं की एका दुपारी मी सगळ्याच ढकलल्या, आणि काम संपल्याच्या समाधानात डुलकी काढली. तिसऱ्याचं म्हणणं, आम्ही तुमचा दुसरा मेंदू होऊ. माझ्या पहिल्याची काय अवस्था आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं. आणि दर वेळी फोनवर तोच एक स्वच्छ टेबलवाला तरुण येऊन सांगायचा, की या ॲपने माझं आयुष्य बदललं. दर आठवड्याला त्याचं आयुष्य बदलत होतं, मामा. मला त्याच्या बायकोची काळजी वाटायला लागली.

तर मी सगळी मापं दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवली आणि एक बटण दाबलं, 'नीट लावा' असं काहीतरी. त्याने खरंच नीट लावली, अकारविल्हे, ओळ न् ओळ. सगळ्या उंच्या उ खाली, सगळ्या रुंद्या र खाली, खिडक्या ख खाली. कशालाही धक्का नाही. फक्त कोण कुणाचं, ते गेलं.

परत मोजायला जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण दार वाजवून 'मघाशी मोजलेल्या खिडक्या पुन्हा बघू द्या' म्हणायची लाज वाटली. मी अंदाजाने जोड्या लावल्या, काकूंनी विश्वासाने शिवलं.

घर होतं एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी खोलीत अंधार ठेवायला सांगितलेला, म्हणून उजेड अडवणारं जाड कापड घेतलं होतं. मी पडदे टांगले त्याच दुपारी ते घरी यायचे होते. बेडरूमचा पडदा खिडकीला हाफपँटसारखा झाला, खालून ऊन सरळ उशीवर. स्वयंपाकघरातल्या टीचभर खिडकीचा पडदा ओट्यावरून लोळत पार सिंकमध्ये. आणि तेवढ्यात यजमान आले, काळा चष्मा, बाईंच्या हाताला धरून. शेवटी त्यांना अडगळीच्या खोलीत बसवलं, बॅगा आणि जुन्या पंख्याच्या मध्ये, खुर्चीवर. तेच एक ठिकाण अंधारं होतं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी ॲपची सगळी कहाणी दोघांसमोर कबूल केली. बाई ओरडल्या असत्या तर बरं. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात असतास तर घरी जाऊ दिलं नसतं तुला. बस, आणि पुन्हा मोज."

मी मोजलं. तळहातावर.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पडदे होईपर्यंत थांब. मग बघू." काल नवे पडदे टांगून आलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत काळोख, मामा, मला स्वतःला दार सापडेना. म्हणजे आता 'मग' सुरू झालंय, आणि मास्तर सकाळपासून कात्रीला धार लावतायत.

बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमचाच,
भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही मास्तरांना एक फोन करा. मला ठेवा म्हणावं. एरवी मी स्वतःच पिशवी उचलून पुढच्या गावी गेलो असतो, तुम्हाला कार्डसुद्धा टाकलं नसतं. पण या खेपेला मला जायचं नाही. पडदा पहिल्यांदा ओढला की घरातली माणसं एकदम हळू बोलायला लागतात. ते मला आवडायला लागलंय. हे मास्तरांना सांगू नका, नुसतं ठेवा म्हणा.

ता. क. सगळी ॲप काढून टाकली. एक ठेवलंय, कुठली काढली ते त्यात टिपलंय.

ता. क. थांबा. दुकानात काळा चष्मा लावलेले यजमान आलेत, बाईंच्या हाताला धरून. मी आत पार्टिशनमागे आहे, फटीतून बघतोय आणि ऐकतोय. विचारतायत, तो मापं घालवणारा मुलगा अजून आहे का? महिनाभर वाचायला बंदी आहे, फोनमध्ये वाचून दाखवणारं, सांगितलेलं टिपून घेणारं काहीतरी घालून हवंय, आणि इतकी ॲप वापरून फसलेला दुसरा माणूस त्यांच्या ओळखीत नाही. कात्रीचा आवाज थांबला. मास्तर म्हणाले, "आहे की. आमचाच आहे तो. पाठवतो संध्याकाळचा, काम आटपलं की."

तेव्हा मामा, तो फोन तूर्त करू नका.