चारचाकी वाहन जाते

ता. मुरबाड,
रविवार, ७ एप्रिल २००२

प्रिय शाम,

वाल्मिकदादाचा नमस्कार. तुझं होळीचं पत्र वेळेत मिळालं, उत्तर मात्र वेळेत झालं नाही. काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या गिरजावहिनीचा खोकला गेला. आंबा यंदा कमी, काजू बरा. वर वाडीत तुझी आई अजून पहाटेच मोहाची फुलं वेचायला निघते आणि कुणाचं ऐकत नाही. तुझ्या बहिणीची काळजी करू नकोस. मालूला सहावा लागला, तब्येत चांगली आहे. बुधू तिला पाण्याला जाऊ देत नाही म्हणून ती नवऱ्यावर चिडलेली असते, एवढंच. आषाढात तू मामा होशील.

पत्रात तू लिहिलंस, 'दादा, मिलटरीची काळजी घ्या, पावसात वाडीला तुमच्याशिवाय कोण आहे?' तर शाम, मिलटरी मी विकली. आता पावसाळ्यात वाडीचं काय, हे तू विचारणार. तेच लिहायला बसलो आहे, पण मला जरा वळसा घेऊन यावं लागेल.

लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी परवडत नव्हती. लिटरला चार किलोमीटर, ते पण उतारावर. एखादा भाग मोडला की नाशिककडच्या लष्करी भंगारात दोन-दोन दिवस शोधायचं. स्टेअरिंग इतकं जड की माझा उजवा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही. सदरा घालायला गिरजा लागते. आणि लांबी अशी की गावात ती वळतच नाही. आमच्या ओट्याचा कोपरा मी दोनदा पाडला. दुसऱ्यांदा गिरजा बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, "आता एकदा घरातनंच न्या आरपार. मंग वळायचा तरास नाय." तेव्हापासून ती खळ्यावरच उभी असायची, आणि भात कापून आलं की मळणीला जागा नसायची.

ही कारणं खरी आहेत. पण ती पाच वर्षांपूर्वी घेतली तेव्हाही होती, आणि तेव्हा मला त्यातलं एकही दिसलं नाही.

लोकांना वाटतं मी वाडीसाठी गाडी घेतली. तू तर शाळेतल्या मुलांना तसं सांगतोस म्हणे. वाडी माझ्या मनातही नव्हती रे. लिलावात बाकीचे लोक पत्रा ठोकून, खाली वाकून बघत होते. मी सरळ वर चढून बसलो. समोर खाटेएवढं बॉनेट, आणि खाली उभ्या माणसांच्या टोप्यांची टोकं दिसत होती. जन्मभर मी एसटीच्या मागच्या बाकावर बसून गचके खाल्लेत. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण पण कुणीतरी आहोत. मुरबाडच्या स्टँडवर ती पहिल्यांदा उभी केली तेव्हा हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. मी मुद्दाम उतरायला वेळ लावला.

वाडी नंतर आली. जैतूबाबाला फुरसं चावलं, त्या पावसात चारी चाकं ओढीला लावून मी ओढा पार केला आणि त्याला जिता खाली आणला. तिथून मी देवमाणूस झालो. आजारी माणूस खांद्यावरून खाली न्यायच्या डोलीच्या काठ्या लोकांनी जाळायला काढल्या. अडलेली बाई असो की रेशनची पोती, 'दादा, मिलटरी काढा.' पहिली दोन-तीन वर्षं मी कधी काढायचो, कधी टाळायचो. गेली दोन वर्षं मात्र एकदाही नाही म्हणालो नाही. तुझ्या आईला वाटायचं, माझं मन मोठं झालं.

मध्ये उठून जेवून आलो. गिरजाने विचारलं, "लिवलात का?" मी म्हटलं, लिहितोय. "आजून गाडीचाच लिवताय?" म्हणाली आणि ताट उचलून गेली. तिला सगळं माहीत आहे.

तर, दोन हजार सालचा फेब्रुवारी. वाडीच्या रस्त्याच्या पाहणीला साहेब येणार होते. पाच वर्षं अर्ज तू केलेस, खेपा तू घातल्यास, आणि नेमकी त्याच दिवशी तुला रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी एसटीत चढताना तू मला बजावलंस, "दादा, सायबाला चालवत न्या. दोन तास चढू दे. त्याचं पाय दुखलं तरच कागदावर उतरंल." मी हो म्हणालो.

साहेब स्टँडवर उतरले. भला माणूस, जरा स्थूल. मी गाडी नेली होती ती त्यांना फक्त पायथ्यापर्यंत सोडायला. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला हात लावला आणि विचारलं, "ही वर चढते का हो?"

एवढंच विचारलं. मी नाही म्हणू शकलो असतो. वाटेत दरड आहे, क्लच गेलाय, काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चढते म्हंजे? बसा सायेब."

पस्तीस मिनिटांत वर. इतकी चांगली मी ती आधी कधी चालवली नव्हती, नंतरही नाही. ओढा कोरडा होता. कातळावर ती तिरकी झाली तेव्हा साहेब लहान मुलासारखे हसले. वर उतरल्यावर माझी पाठ थोपटून म्हणाले, "रस्ता आहे की तुमच्याकडे." आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी शेरा लिहिला. जैतूबाबा माझ्या कानाशी म्हणाला, "याला चालवत आनायचा व्हता ना रे?" मी म्हणालो, "सायेब खूश हाय बाबा. काम व्हईल."

तो शेरा मी त्यांच्या खांद्यावरून वाचला होता. 'चारचाकी वाहन जाते.' मला वाटलं, माझं कौतुक लिहिलंय.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. यादीत वाडीचं नाव आलं नाही. पुढाऱ्यांनी रस्ता पळवला असं तुझ्या मनाने घेतलं. ऑफिसात तू दामू कारकुनाला सगळ्यांदेखत चोर म्हणालास, तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुला लेखी माफी द्यायला लावली. ती तू माझ्याच ओट्यावर बसून लिहिलीस, आणि 'दादा, एकदा नजर टाका' म्हणून माझ्या हातात दिलीस. मी पूर्ण वाचली. बरोबर आहे, म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, की वाडीतले लोक पुन्हा माझ्याकडे साध्या माणसासारखे बघतील.

आता २३ तारखेला, मंगळवारी, नवे साहेब येताहेत. सरपंचांकडे फोन आला होता, 'तिकडे ती मोठी गाडी आहे ना, ती आणून ठेवा.' जुना शेरा अजून फायलीत आहे. मी ठरवलं, या वेळी चढत नाही म्हणून सांगायचं. मग मला माझाच भरवसा वाटेना. उद्या कुणी टायरला हात लावून विचारलं, तर माझ्या तोंडातून काय निघेल हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून विकली. तानशाच्या बाजूला मुंबईच्या एका माणसाने बंगला बांधलाय, त्याने घेतली. रंग देऊन फाटकाशी उभी करणार आहे. डोंगरात नेणार का विचारलं, तर म्हणाला, "छे हो, नुसती दिसायला."

शुक्रवारी वाडीत जाऊन सगळ्यांना बसवून हे सांगितलं. चालत गेलो. मला तीन तास लागले. तुझी आई म्हणाली, "तू आमाला लय नेलास, आनलास रे. पर तू नसतास तं रस्ता आला असता." जैतूबाबा उठून गेला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

पावसाळ्याचं मालूनेच काढलं. "मी जेठातच खाली येऊन ऱ्हाते तुमच्या घरी. गिरजावैनी हाय ना." बुधू हो म्हणाला. गिरजाने आतली खोली सारवून ठेवली आहे. पण बाकीच्यांसाठी माझ्याकडे खोली नाही. पोरांनी डोलीसाठी नवा बांबू तोडला. यंदा ओढ्याला पाणी असताना कुणाचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्यामुळे. हे मी वर सांगितलं, तुलाही सांगतो.

२३ ला जमल्यास ये. साहेबांना मी चालवत नेणार आहे आणि जुना शेरा कसा पडला ते वाटेत सांगणार आहे. लेखीही केलं आहे, खाली सही करून. एक प्रत तुला जोडली आहे. एक दामूला देऊन आलो. त्याने उभ्याउभ्या वाचली, घडी घातली आणि विचारलं, "गुरुजींना कळवलंत का?" मी हो म्हणालो. तेव्हा ते खोटं होतं. म्हणून हे पत्र मी आजच टाकतोय, उद्यावर ठेवलं तर पुन्हा वळसा घेईन.

सकाळी सातला पायथ्याशी असेन. आलास तर माझ्याशी बोलायचं बंधन नाही. तू साहेबांच्या बाजूने चाल, मी मागून येईन.

आजवर ज्याला तू दादा म्हणालास तो,
वाल्मिक