काईला कोण बघणार?

सोमवार, २३ जून

शाळेच्या उन्हाळी वर्गात माझं नाव आलंय! सकाळी वाचन नि गणित, दुपारी पोहणं. नाश्ता, जेवण तिथंच. पैसे लागत नाहीत.

आईला सांगितलं. ती बूट काढत होती. म्हणाली, "आणि काईला कोण बघणार?"

काई माझा भाऊ. त्याला चौथं लागायचंय. आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. शेजारच्या मिस अर्लीन त्याला बघायच्या, पण त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. म्हणजे मीच.

आईला म्हटलं, बरं. आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

मंगळवार, २४ जून

दर वर्षी हेच. सुट्टीत सगळं विसरते, मग शाळा उघडल्यावर तेच पुन्हा शिकायचं. गेल्या वर्षी अपूर्णांक माझ्याकडे असे बघत होते जशी काही नवीनच ओळख. कॅम्पला जाणाऱ्या मुली फटाफट सांगत होत्या.

सोमवार, ७ जुलै

शाळेत दुपारचं जेवण कुठल्याही मुलाला देतात, वर्गात नाव असो नसो. म्हणून काईला घेऊन गेले. मिस प्रुइट भेटल्या. त्याच उन्हाळी वर्गाच्या बाई.

"डेसा, सकाळी कुठं होतीस?"

मी नुसतं काईकडे बोट दाखवलं. त्याच्या नाकाला सॉस लागला होता.

"चावतो का?"

"कधीकधी."

"उद्या आण त्याला."

मंगळवार, ८ जुलै

काईने निळा खडू खाल्ला. मिस प्रुइट म्हणाल्या, "विषारी नाही, मी डब्यावर वाचलंय. चला, पान नऊ."

मी वर्गात बसले होते. खरंच बसले होते.

गुरुवार, १० जुलै

जबारी माझ्याच इयत्तेत आहे नि आमच्याच गल्लीत राहतो. आज जुळ्या बहिणींना घेऊन आला — निया आणि नोव्हा. "डेसाचा चालतो तर माझ्या का नाही?" त्याचं बघून इमानीने मावशीचं बाळ आणलं.

कुणीतरी आमचा गोंद बुटात ओतला. बूट मिस प्रुइटांचा.

तरी एक गंमत झाली. जबारी वर्गात मोठ्यानं वाचत नाही — अडखळतो, मुलं हसतात. पण जुळ्या भोकाड पसरायला लागल्या तेव्हा त्याने बेडकाचं पुस्तक उचललं आणि वाचलं. त्या म्हणाल्या, परत. त्याने परत वाचलं. चौथ्यांदा एकदाही अडखळला नाही. कुणीच हसलं नाही, सगळे बेडकात होते.

सोमवार, १४ जुलै

आता पाच पिल्लं — वर्गातल्या मायलोनेही भाऊ आणला. आणि नेमके आजच मिस्टर व्हिटलॉक आले. सगळ्या उन्हाळी वर्गांचे मुख्य. दारात उभे राहिले. नोव्हा त्यांच्या पायाला मिठी मारून बसली.

"मिस प्रुइट, हा वर्ग आहे की पाळणाघर?"

"दोन्ही, सर. पाळणाघर नसलं तर वर्गही नसेल."

"नियम माझे नाहीत. शुक्रवारपर्यंत ही लहान मुलं वर्गात दिसायला नकोत."

घरी येताना काईला ओरडले. त्याची काही चूक नव्हती.

मंगळवार, १५ जुलै

आईची आज सुट्टी. सगळं ऐकून घेतलं, मग उठून जबारीच्या आईकडे गेली. मीही मागोमाग.

जबारीची आई सिटी बस चालवते. म्हणाली, "मी काय करू, बाई? मला सुट्टी बुधवारची."

आई म्हणाली, "आणि मला मंगळवारची." एकेकाने एकेक दिवस पोरं सांभाळायची, असं ठरलं. मग जबारीच्या आईने फोन उचलला.

इमानीची मावशी नेल पार्लरमध्ये — पार्लर सोमवारी बंद. मायलोचे बाबा गोदामात रात्रपाळी करतात, त्यांना शुक्रवार मोकळा. आठवडा जुळला — फक्त गुरुवार सोडून!

गुरुवारला कुणीच नाही.

बुधवार, १६ जुलै

गुरुवारचं मिस अर्लीनना सांगितलं. पायरीवर बसल्या होत्या, काठी मांडीवर.

"मला धावता येत नाही, पोरी."

"वर्गासमोरच्या रिकाम्या खोलीत बसायचं फक्त."

"मग विचारतेस काय? खुब्याला दुखतंय, तोंडाला नाही."

शुक्रवार, १८ जुलै

मिस्टर व्हिटलॉक आले. वर्गात आम्हीच. समोरच्या रिकाम्या खोलीत पिल्लं आणि मायलोचे बाबा. बाबा खुर्चीत पेंगत होते, डोक्यावर कागदाचा मुकुट.

व्हिटलॉक त्या खोलीत डोकावले. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाले, "मी वर्गाबद्दल बोललो होतो. समोरच्या खोलीबद्दल बोललो होतो का?"

"नाही, सर," मिस प्रुइट म्हणाल्या.

"मग मला ती दिसलीच नाही. पण कुणीतरी त्या माणसाला कॉफी द्या."

गुरुवार, २४ जुलै

मिस अर्लीनच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल. काय जादू केली कळत नाही. जेवणाआधी आम्ही पिल्लांना वाचून दाखवतो. काईला रोज तेच जेसीबीचं पुस्तक. मला ते झोपेतही येईल.

दुपारी पाण्यात तोंड बुडवलं. मेले नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

शेवटचा दिवस. मी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेले. आई कामावरून तशीच आली होती, डोक्याला केस झाकायची जाळी. काठावरून एवढी ओरडली की शिट्टीवाल्याने तिलाच शिट्टी मारली.

मंगळवार, २६ ऑगस्ट

शाळा सुरू. नव्या बाईंनी फळ्यावर अपूर्णांक लिहिले. म्हणाल्या, "विसरला असाल, हरकत नाही."

माझा हात वर. जबारीचाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

काई आता आमच्याच शाळेच्या छोट्या वर्गात जातो. सुटल्यावर त्याला घ्यायला गेले. ठोकळ्यांचा पूल बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू जा. आई न्यायला येणारे. मला काम आहे."

बाई म्हणाल्या, खरंय, आजपासून पाचपर्यंत तो इथंच असणार.

फाटकाशी थोडा वेळ उभी राहिले. एक हात उगाच रिकामा वाटत होता. मग जबारीकडे गेले. त्याने विचारलं, "काय काम?"

म्हटलं, काही नाही. खेळायला आले.