फ्रीजच्या दारातली झालर

अंधेरी, मंगळवार, ८ जुलै १९८६

शनिवारपासून फ्रीज अखंड घरघरतोय. बर्फ खरवडून काढला तरी पुन्हा डोंगर. आज मेकॅनिक आला. दारही न उघडता म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर गेला."

डोंबल गेला! हे दीडशहाणे फ्रीज दुरुस्त करतात की त्याचं श्राद्ध घालतात?

तो गेल्यावर मीच दार चाचपलं. आमच्या हिने फ्रीजसाठी विणलेल्या कव्हराची झालर दारात अडकलेली, अन् फटीतून दमट हवा आत. झालर वर दुमडली. संध्याकाळी घरघर थांबली. पण हिला सांगू कसं? डोळे फोडून विणलीय ती झालर.

"काय झालं होतं हो?"

"काही नाही गं. त्या गाढवाच्या धसक्याने सुधारला."

ही हसली, अन् जाता जाता झालर नीट खाली सोडून गेली.

आणि मी मेकॅनिकला गाढव म्हणतो!