पुस्तकाच्या पाठीत अडकलेलं पत्र

प्रिय ताई,

प्रभूत सलाम. आधी पोटभर हसून घे, मग रागाव. तुझं मागच्या आठवड्यातलं पत्र मी वाचायच्या आधीच एका पुस्तकाच्या पाठीला चिकटवून टाकलं. चाळीस वर्षं बाइंडिंग करतोय, पण असला पराक्रम आजवर केला नव्हता.

झालं असं, की येत्या रविवारी आमच्या चर्चला शंभर वर्षं पूर्ण होतात. व्यासपीठावरचं मोठं गीतपुस्तक पार खिळखिळं झालेलं, ते नव्यानं बांधायचं काम माझ्याकडे आलं. प्रभूचं काम म्हणून मी बाह्या सरसावल्या. पानं सोडवली, पुन्हा शिवली, लाल कापड आणलं, आणि मग सुरू झाली सोनेरी अक्षरांची भानगड. गायनवृंदाच्या बाईंना अक्षरं ठसठशीत हवीत, खजिनदारांना नाजूक. दोघं आलटून पालटून दुकानात येऊन माझं डोकं खायचे, आणि मीही काही कमी नाही, तिसरंच घोडं दामटत होतो. त्या धामधुमीत तुझं पत्र आलं. पाकीट फोडलं, तुझं अक्षर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. ताईचं पत्र घाईत वाचायचं नसतं, हा माझा जुना नेम. काम उरकलं की निवांत वाचू म्हटलं.

पुस्तकाच्या पाठीला पुठ्ठा चढवण्याआधी आतून जाड कागद लावावा लागतो, त्यासाठी आम्ही रद्दी वापरतो. तू पडलीस जुन्या वळणाची, पत्राला कागद घेतेस तोही पुठ्ठ्याचा सख्खा भाऊ. मंगळवारी माझा चष्मा कपाळावर, आणि मन शाळेच्या पायरीवर. तिथं तू माझ्याकडून ती ओढ्याची कविता पाठ करून घ्यायचीस, आठवतं? मी दर वेळी तिसऱ्या कडव्यात अडकायचो आणि तू धपाटा घालायचीस. इतक्या वर्षांनी ते कडवं त्या दिवशी एकदम सापडलं. त्या आनंदात मी हाताला आलेला कागद घेतला, तीन आडव्या पट्ट्या कापल्या, खळ लावून चिकटवल्या, वर पुठ्ठा बसवला आणि पुस्तक शिकंज्यात आवळलं. कविता म्हणत म्हणत. म्हणजे तुझ्याच आठवणीत रमून मी तुझंच पत्र कापलं.

काल टेबल आवरताना रिकामं पाकीट सापडलं, आणि केरात एक कातरण, तिच्यावर फक्त 'तुझी ताई'. तेव्हा कुठं उजेड पडला. पुस्तक शिकंज्यातून नुकतंच निघालं होतं. इतकं देखणं काम माझ्या हातून पूर्वी झालं नाही, आणि या थरथरत्या हातांनी पुन्हा होईल असंही नाही. ते फाडलं तर रविवारचं काय? मी म्हटलं, सोहळा होऊन जाऊ दे, मग सावकाश उघडू. तुझी भावजय भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “गाणी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ताईंचं पत्र कुणाला पाठ आहे?”

इतकी वर्षं मी रविवारच्या शाळेत मुलांना बायबलातल्या त्या दोन बहिणींची गोष्ट सांगत आलो. घरी प्रभू आलेला, एक कामात बुडालेली, दुसरी त्याच्या पायाशी बसून ऐकणारी. मी आपला मनातल्या मनात दुसरीच्या शेजारी जागा धरून बसायचो. काल कळलं, आपण पहिलीच्याही मागे. ती बिचारी निदान पाहुण्यासाठी राबत होती. मी अक्षरांच्या उंचीवरून भांडत होतो आणि त्याला प्रभूचं काम म्हणत होतो. त्यानं खरं काम दिलं होतं, ते पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं.

सुरी घेतली. पुठ्ठा सोडवला, ओलं फडकं ठेवून खळ मऊ केली आणि एकेक पट्टी सुटी केली. कापड चुरगळलं, सोनेरी अक्षरं गेली. गायनवृंदाच्या बाई म्हणाल्या, आता निदान ठसठशीत तरी घाला. पाळकसाहेब म्हणतात, रविवारी पुस्तक बिनपुठ्ठ्याचंच ठेवू, आतली गाणी तर शाबूत आहेत.

दोन पट्ट्या वाचता आल्या, तिसरीवरची शाई खळीत विरघळली. वाचलं ते तुझ्या भावजयीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि ती डोळे पुसत हसत सुटली. तुझ्या याआधीच्या पत्रांतून तो सुतार आधी खिडकी दुरुस्त करायला आला, मग फळी ठोकायला, मग घरात काहीच मोडलेलं नसताना रोज संध्याकाळी. मला बावळटाला त्यातलं काही उमगलं नव्हतं. भावोजी गेल्यावर बारा वर्षं तू एकटी काढलीस, आणि आता लिहितेस, की या वयात त्यांच्याशी लग्न केलेलं भावाला रुचेल का? रुचणार नसेल तर उत्तर धाडू नकोस, तीस तारखेपर्यंत वाट पाहीन आणि त्यांना नाही म्हणेन. ताई, आज अठ्ठावीस. फोन केला तर तू नेहमीसारखं 'कोण, कोण' करून ठेवून दिलास. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं जावयाला हे पत्र घेऊन पाठवतोय. लहानपणी मला नाक पुसायची परवानगीही तूच द्यायचीस, आणि आज मला विचारतेस? हो. हो, आणि वर आणखी एकदा हो. बाबा नाहीत, तेव्हा वेदीपर्यंत तुझा हात धरून मी चालेन. लग्नाची तारीख खळीत गेली आहे, ती तेवढी जावयाला तोंडी सांग. लिहून देऊ नकोस, माझा भरवसा नाही.

तुझाच,
सगळी कामं बाजूला सारून बसलेला
धाकटा