मशीनवरचा पांढरा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या वंदनाताईंची शिलाई मशीन अजून परत आली नाही. त्यांचं घर तिच्यावरच चालतं. लोहारा गावच्या शिलाई प्रशिक्षण केंद्राने अनुदान घेतलं, मशिनी घेतल्याच नाहीत; मग आज तपासणीपुरत्या बायांच्याच घरून नेल्या. रोजगार द्यायचा म्हणून आधी असलेला उचलायचा! मला हे कधी सुचलं नसतं.

आत्ता ताईंसोबत जाऊन आलो. केंद्राला कुलूप. खिडकीतून मशीन दिसली, अंगावर पांढऱ्या रंगात केंद्राचा नंबर. तपासणीपुरत्या आणलेल्या मशीनला पक्का रंग कशाला? तो नंबर डोळ्यांपुढून जात नाही.

ताई मात्र खुशीत. "भाऊ, सरकारी नंबर पडला मशीनवर! मंजे आता माही नोकरी पक्की नं?"

माझी तिखट जीभ मोहल्ल्यात बदनाम आहे. आज ती एवढंच म्हणाली, "ताई, उद्या कुलूप उघडायच्या आधीच येऊन बसू."